फोन फॉरमॅट मारून काय होणार? सोलापूरच्या पालक-शिक्षक संघांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहरातल्या माध्यमिक शाळांच्या पालक-शिक्षक संघांचे सर्व सभासद,

सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू झाल्या की तुमच्या सभा लागतात, आणि गेल्या काही वर्षांत त्यात 'मोबाईलचे दुष्परिणाम' हा विषय ठरलेलाच असतो. वक्ते येतात. डोळे जातात, झोप उडते, पोरं बिघडतात, असं सांगतात. पालक माना डोलावतात, आणि त्यातले निम्मे त्याच वेळी मांडीवरच्या फोनवरून कुणाचा तरी व्हिडिओ पुढं ढकलत असतात. यंदा ते व्याख्यान राहू द्या आणि दुसऱ्या एका गोष्टीवर बोला, एवढी विनंती करायला हे पत्र लिहितोय. आपली मुलं फोनवरून एकमेकांना छळतात, ते शिकतात कुठं? आणि ज्याचा छळ होतो ते मूल घरी तोंड का उघडत नाही? माझ्या मते दोन्हींचं उत्तर आधी आपल्या घरात शोधावं लागेल, फोनमध्ये नंतर.

मी नवी पेठेत मोबाईल दुरुस्तीचं काम करतो. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंगची पिन, पाण्यात पडलेले फोन. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये डोकवायचं नाही हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. पण पालक स्वतःच फोन उघडून काउंटरवर ठेवतात तेव्हा काय करणार? माझ्या मिसेस शिक्षिका आहेत. पुढं कायद्याचं आणि अभ्यासाचं जे आलंय ते बरंचसं त्यांच्याकडचं, काउंटरवरचं तेवढं माझं.

काउंटरवरची मागणी ठरलेली असते. "मालक, ह्याला फॉरमॅट मारून द्या. सगळं पुसून टाका." बाप तणतणत असतो, आई पिशवी सावरत मागं उभी, आणि ज्याचा फोन आहे ते पोरगं पायरीवर रस्त्याकडं तोंड करून बसलेलं. काय झालं म्हणून विचारावं तर कुणीतरी पोरीच्या नावानं इन्स्टाग्रामवर दुसरं अकाउंट काढलेलं असतं, किंवा पोराच्या फोटोवर काहीबाही लिहून तो वर्गात फिरवलेला असतो. आणि उपाय म्हणून पुसायचा कुणाचा फोन, तर ज्याला त्रास झाला त्याचा! अहो, ते खोटं अकाउंट हिच्या फोनमध्ये नाहीच. ते कंपनीच्या सर्व्हरवर आहे आणि अख्ख्या वर्गाला दिसतंय. फॉरमॅट मारून जाणार काय, तर हिच्याकडं असलेला पुरावा.

म्हणून मी आधी स्क्रीनशॉट काढायला लावतो, तारीख आणि वेळ दिसेल असे. त्या अकाउंटची लिंकही लगेच कॉपी करून ठेवायला सांगतो. मग रिपोर्ट, आणि सगळ्यात शेवटी ब्लॉक. आधीच ब्लॉक केलं की ते प्रोफाईल पुन्हा शोधायला शेजाऱ्याचा फोन मागत फिरायची वेळ येऊ शकते.

छळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं शिव्या आणि धमक्या येतात. पोरांच्यात तो बऱ्याचदा हसत-खेळत चालतो, त्यामुळं मोठ्यांच्या लक्षातच येत नाही. एक प्रकार सांगतो. गड्ड्याच्या जत्रेत आठवीतली पोरं आकाशपाळण्यात बसली. पाळणा वरून खाली येताना एक पोरगं भ्यायलं, तोंड वासलं, डोळे घट्ट मिटले, आणि शेजारच्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला. फोटोचा स्टिकर करायला व्हॉट्सॲपमध्ये आता वेगळं काही लागत नाही, चेहऱ्याभोवतीचं सगळं आपोआप कापलं जातं. खाली दोन शब्द टाकले की झालं. मग गृहपाठ कुणी विचारला की उत्तराला हा चेहरा. कुणाचा वाढदिवस असला की हा चेहरा. भारत हरला की हाच चेहरा. ज्यानं केला त्यानं नंतर पुसला तरी उपयोग नसतो. ज्यानं ज्यानं तो स्टिकर जपून ठेवला त्याच्याकडं तो राहतोच. त्या पोराची आई मला म्हणाली, "ह्यात शिवी कुठाय? हसतात तर हसू दे की." पोरानं तोवर ग्रुप सोडला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या ग्रुप सोडण्यावर नवा स्टिकर निघाला.

नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकापासून शाळेतल्या दादागिरीचा अभ्यास केला. मस्करी आणि छळ वेगळे ओळखायला त्यांनी तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेलं असतं, परत परत होतं, आणि एक बाजू दुसरीपेक्षा वरचढ असते. ह्या स्टिकरला तिन्ही लावून बघा. करणाऱ्यानं एकदाच हात लावला, पुढचं परत परत इतरांनी केलं. वरचढपणा म्हणाल तर एका बाजूला सगळा वर्ग आणि दुसऱ्या बाजूला एकटं पोरगं.

आता हे शिकले कुठं, ते बघायला भावकीचा ग्रुप उघडा. जावयाच्या टकलाचा फोटो, वहिनीच्या वजनावर विनोद, दहावीत मार्क कमी पडलेल्या पुतण्याला सगळ्यांदेखत "काय साहेब, यंदा रिक्षा का?" आणि खाली बारा जणांची हसणारी तोंडं. ज्याच्यावर हसले त्यानं रागवायचं नाही. रागावला तर "ह्याला मस्करी पण कळत नाही." घरातलं पोरगं हे रोज वाचतं. शेताच्या वाटणीवरून वाजलं की एका घराला वगळून नवा ग्रुप आपणच काढतो. पोरींनी वर्गातल्या एकीला वगळून तसाच ग्रुप काढला की मात्र "आजकालच्या पोरी" म्हणून कपाळावर हात मारतो.

त्याहून मला जास्त खुपतं ते क्लासवाल्यांचं, आणि काही शाळांचंही. चाचणीचे मार्क नावानिशी, क्रमानं लावून ग्रुपवर टाकतात. शेवटची पाच नावं लाल रंगात. फी राहिलेल्यांची यादीही तशीच. पालकांच्या फोनवरून ती यादी पोरांच्या फोनवर यायला कितीसा वेळ लागतो? स्क्रीनवर नाव टाकून चारचौघांत एखाद्याची मान खाली घालायला लावता येते, हे पोरांना कुठल्या ॲपनं शिकवलं नाही. त्या यादीत काही वावगं आहे असं कुणाला वाटतसुद्धा नाही. उलट ज्यांचं पोरगं पहिल्या पाचात आहे ते खाली अंगठ्याचा इमोजी टाकून मोकळे होतात.

आपल्या गावाचं म्हणून आणखी एक आहे. सोलापुरात एकाच वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं शेजारी शेजारी बसतात. भाषणात आपण हे अभिमानानं सांगतो. पण पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या एखाद्या पोराचं मराठी गुपचूप रेकॉर्ड करून, त्याला गाणं लावून रील फिरतं तेव्हा त्या अभिमानाचं काय होतं? आई विड्या वळते म्हणून, आडनावावरून, रंगावरून, कुठल्या वस्तीत राहतो त्यावरून टोपणनावं पडतात. कुणाच्या घरी पाणी प्यायचं, कुणाशी दोस्ती "बरी" आणि कुणाशी नको, ही उतरंड पोरांनी रचलेली नाही. ती जेवताना आणि ओट्यावर मोठ्यांच्या तोंडून त्यांच्या कानावर पडलेली असते. फोननं तिला पाय फुटले, एवढंच.

लगेच कुणी म्हणेल, हे अडाणी घरांतलं आहे. तसं अजिबात नाही. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून आलेला बाप आणि दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी आई, अशा घरात एकच फोन चार भावंडांत फिरतो. तिथं एकाला आलेला घाणेरडा मेसेज दुसऱ्यानं आधी वाचलेला असतो. दुसरीकडं जुळे सोलापूर किंवा होटगी रस्त्याला पोराला वेगळी खोली, वेगळा फोन, वाय-फाय, आणि वडील नोकरीला पुण्यात, शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं येणार. माझ्याकडं तर असले प्रकार महागड्या फोनवरचेच जास्त येतात. (महागडा फोन लोक दुरुस्त करतात आणि स्वस्तातला टाकून देतात, हेही त्याचं कारण असेल.) दोन्ही घरांत आज वर्गात काय झालं असं विचारायला आणि उत्तर मधे न तोडता ऐकायला कुणी रिकामं नसतं.

देशोदेशीच्या अभ्यासांत हेच पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. घरात मारहाण आणि सततचा धाक असेल, आई-वडिलांमधली हाणामारी मूल बघत असेल, तर ते ऑनलाइन छळ करणाऱ्यांत जायची शक्यता वाढते, आणि सोसणाऱ्यांत जायचीही. पुष्कळदा एकच मूल दोन्हीकडं असतं. घरात जिव्हाळा असेल, मोकळं बोलणं असेल, आणि पोरगं कुठं काय करतंय ह्यावर पाळत न वाटेल असं लक्ष असेल, तर दोन्ही धोके कमी होतात. फोननं स्वतःची भर घातलीच आहे. जॉन सुलर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये लिहिलं की ओळख लपलेली असली, समोरच्याचा चेहरा दिसत नसला की माणसाची भीड चेपते. निनावी मेसेज घ्यायची लिंक स्टेटसला लावायची पोरांत टूम आहे, त्यातलं एनजीएल नावाचं ॲप तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेतल्या सरकारी यंत्रणेनं २०२४ मध्ये त्या कंपनीला १८ वर्षांखालच्या मुलांना ते देण्यापासून रोखलं. पण लिंकवर येऊन "काळी" आणि "जाडी" लिहिणारा पोरगा ते शब्द घरूनच घेऊन आलेला असतो.

आता न सांगण्याचं. 'असर' ह्या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांना फोनबद्दल विचारलं होतं. ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांना एखादं प्रोफाईल ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे माहीत होतं. म्हणजे बटण बऱ्याच पोरांना ठाऊक आहे. अडतं ते मोठ्या माणसाला सांगण्यापाशी. पोरांचा हिशेब सरळ असतो: सांगितलं की आपला फोन जाणार. फोन गेला की नोट्स गेल्या, दोस्त गेले, मॅच गेली, आणि छळणाऱ्याचा फोन त्याच्या खिशात तसाच. त्यापेक्षा सोसलेलं बरं.

मुलींचा हिशेब ह्याहून कडक असतो. तिचा चेहरा दुसऱ्या कुणाच्या अंगावर चिकटवून फोटो फिरवला, तरी घरात पहिला प्रश्न येतो, "तू कशाला फोटो टाकलास?" मग भाऊ पासवर्ड मागतो, क्लास बंद होतो, आणि "स्थळ बघायला लागा" हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून येतंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न १८ वर्षं पूर्ण व्हायच्या आधी झालेलं होतं, आणि आपला जिल्हा त्या सरासरीच्या वर आहे. फोटो फिरवणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. त्याची धमकी "फोटो टाकीन" अशी नसते, "तुझ्या पप्पांना पाठवीन" अशी असते. मुलीचं घर तिच्या बाजूनं उभं राहणार नाही ह्या खात्रीवर तो उभा असतो.

आणि ज्यांच्या पोरानं हे केलं, त्या पालकांचं काय? त्यातले एक दुकानातच पोराच्या कानाखाली वाजवून गेले. "माझ्या इज्जतीचा पंचनामा केलास." ज्या मुलीला त्रास झाला तिचा उल्लेख त्या सगळ्या आरडाओरड्यात एकदाही आला नाही. चारचौघांत कमजोराला खाली बघायला लावायचं, हाच धडा त्या पोरानं परत एकदा घेतला. असल्या पोरांचं दुसरं अकाउंट बहुधा त्याच रात्री निघतं. आणि अकाउंटचं बोलायचं तर, ते काढताना जन्मसाल खोटं टाकायला सांगणारे बहुतेक वेळा आई-बापच असतात. इन्स्टाग्रामला किमान वय १३ आहे. २०२५ पासून भारतातही १८ वर्षांखालच्यांचं अकाउंट मुळातच खासगी ठेवलं जातं, अनोळखी माणसाला सहज मेसेज करता येत नाही, आणि १६ वर्षांखालच्या मुलाला हे निर्बंध सैल करायचे तर पालकांची परवानगी लागते. "कुठलं पण साल टाका की मालक" म्हटलं की हे सगळं कुंपण तिथंच पडलं.

शाळांचं उत्तरही मला पाठ झालंय: "हे शाळेच्या वेळेबाहेर, घरच्या फोनवर घडलं, आमचा संबंध नाही." संबंध आहे. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती किंवा लाज वाटेल असं वागणं, चिडवणं, शिवीगाळ, धमकी हे सगळं त्याच्या व्याख्येत येतं. संस्थेच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडं त्याला मनाई आहे. वसतिगृहं आणि शिकवणी वर्गसुद्धा त्यातून सुटत नाहीत. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची असते, आणि टाळाटाळ केली तर तो गुन्ह्याला साथ दिल्यासारखा धरला जातो. प्रकार लैंगिक असेल आणि मूल १८ च्या खालचं असेल, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "शाळेचं नाव जाईल" ही सबब तिथं चालत नाही. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं किंवा दुसरा कुणी असल्याचं भासवून फसवणं ह्याला माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६-सी आणि ६६-डी ही कलमं आहेत, तीन वर्षांपर्यंत कैद. करणारा अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं. पोरांना कोर्टात ओढा असं मी म्हणत नाही. बहुतेक प्रकार वर्गातच मिटण्यासारखे असतात, फक्त ते पहिल्या आठवड्यात हातात घ्यावे लागतात.

मिटवायचे कसे, त्यात मला मिसेसचं म्हणणं पटतं. छळणारा आणि सोसणारा ह्या दोघांनाच केबिनमध्ये समोरासमोर बसवून "सॉरी म्हण" करू नका. सोसणाऱ्याला त्यानं दुप्पट भोगावं लागतं. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठानं शाळेतला छळ रोखायला तयार केलेल्या 'किवा' कार्यक्रमात भर दिलाय तो बघ्यांवर. स्टिकर एकानं केला, पण तो चालला कारण पंचवीस जणांनी तो पुढं पाठवला आणि बाकीच्यांनी बघून सोडून दिला. त्या पंचवीस जणांच्या आई-वडिलांना शाळेनं कधी बोलावलंय का? मला तरी तसं एकही उदाहरण ठाऊक नाही. त्यांना बोलवा.

सभेत ठराव करायचाच असेल तर असा करा, की छळाची गोष्ट मुलानं स्वतःहून सांगितली तर त्याचा फोन काढून घेतला जाणार नाही. पालकांनी हे मुलांसमोर बोलायचं, वर्गात, मोठ्यानं. मार्कांच्या आणि फीच्या याद्या ग्रुपवर टाकणं आपल्या शाळेपासून बंद करा आणि क्लासवाल्यांनाही पालक म्हणून तसं सांगा. फी तुम्ही भरता, ते ऐकतील. शाळेतली तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर असतेच. पेटीची किल्ली कुणाकडं आहे आणि ती शेवटची कधी उघडली, एवढं सभेत विचारा. भावकीच्या ग्रुपचं तुमचं तुम्ही बघा.

पोलिसांकडं जायची वेळ आली तर शहर पोलिसांचं सायबर ठाणं आहे, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन ह्या सरकारी पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. पैशाची फसवणूक असेल तर १९३० ला लगेच फोन. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. पोरगं जेवत नसेल, शाळेला जायला नको म्हणत असेल, जीव नकोसा झालाय असं काही बोललं असेल, तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलि-मानस, १४४१६, तिला फोन लावा; तिथं मराठीत बोलता येतं. हे आकडे शाळेच्या डायरीत पहिल्या पानावर छापायला फार खर्च नाही.

मला बोलवायचं असेल तर सकाळी अकराच्या आत बोलवा, पुढं दुकान असतं. मानधन नको. प्रोजेक्टरही नको. पालकांना फक्त आपापले फोन चार्ज करून आणायला सांगा. अकाउंटला टाकलेलं वय कसं तपासायचं, लिंक कशी जपायची, रिपोर्ट कुठून करायचा, हे त्यांच्याच फोनवर त्यांच्याच हातानं करून घ्यायचं आहे.

आपला,
नवी पेठेतला एक मोबाईल दुरुस्तीवाला
सोलापूर